आमची वाटचाल : कसोटीच्या दगडापासून खिडकीपर्यंत

वडिलांनी अमळनेरात पेढी सुरू केली तेव्हा आमच्याकडे हिरा नव्हता. सोनं, चांदी आणि मोडीचा, म्हणजे जुने दागिने परत घेण्याचा व्यवहार, बस. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीसाठी पोत, कापसाचा पैसा हातात आला की लग्नाचे दागिने, एवढ्यावर घर चाललं. जे कसोटीच्या दगडावर घासून पाहता येत नाही ते विकायचं नाही, हा वडिलांचा नियम. हिरा त्या दगडावर पारखता येत नाही, म्हणून ते त्या वाटेला गेले नाहीत.

मी गेलो. सुरतेला इथून थेट गाडी, आणि खान्देशातली कितीतरी माणसं उधना-लिंबायतला राहतात, त्यामुळे सुरत आम्हाला परकी नव्हती. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात माणसं रस्त्यावर उभी राहून कागदाच्या पुड्या उघडतात, ते पाहून मी हरखून गेलो. पहिल्याच खेपेला, दिवे लागल्यावर, एका दलालाकडून पुडी घेतली. दिव्याखाली खडे लखलखत होते. घरी येऊन सकाळी पांढऱ्या कागदाच्या घडीत ते उपडे ठेवले आणि बाजूने पाहिलं, तर स्पष्ट पिवळसर झाक. भाव पांढऱ्याचा दिला होता. वडील रागावले नाहीत. "उजेडात पाहिलं होतंस का?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतर विकायचं थांबवून मी शिकायला लागलो. सुरतेत हिरे घासणाऱ्या आमच्या गावच्या एका कारागिराशेजारी बसलो. त्याने पहिल्यांदा शिकवला तो घाट, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडण्याची पद्धत (कट). गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, तळाला बारीक सपाटी ठेवली तर ५८. वरून शिरलेला उजेड आत वळून पुन्हा वरच यायला हवा. हिरा फार खोल किंवा फार उथळ घासला, तर तो उजेड खालून निसटतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. रंग आणि स्वच्छता जमिनीतून आलेली, घाट मात्र माणसाच्या हातचा. म्हणून बजेट तोकडं असेल तर घाटात तडजोड करू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. रंगाची मोजणी डी (अगदी रंगहीन) पासून झेड (पिवळसर) पर्यंत चालते. जी किंवा एच रंगाचा खडा सोन्यात बसवल्यावर डोळ्याला पांढराच दिसतो. स्वच्छता दहापट भिंगातून ठरवतात. व्हीएस (फारच बारीक डागांचा) दर्जाचे डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्याखालच्या एसआय-१ दर्जाच्या चांगल्या खड्याचेही बहुधा नाहीत. जे दिसत नाही त्यासाठी शेतकऱ्याच्या घरातून जास्त पैसे का काढायचे?

वजनाचा घोळ मात्र भाषेनेच करून ठेवलाय. एक मावशी कुड्या हातात घेऊन म्हणाल्या, "अठरा कॅरेट म्हणता, मग हिरा एवढा बारीक कसा?" सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. खडा पकडणारे पंजे टणक हवेत म्हणून हिऱ्याचे दागिने बहुतेक १८ कॅरेटात, म्हणजे हजारात ७५० भाग शुद्ध असलेल्या सोन्यात घडवतात. आता हिशेब पाहा. कुड्यांचं एकूण वजन ६.२०० ग्रॅम आणि हिरे अर्धा कॅरेट, तर हिऱ्यांचं वजन ०.१०० ग्रॅम. सोन्याचा भाव ६.१०० ग्रॅमलाच लागला पाहिजे. बाहेरून आलेली अशी बिलं मी पाहिलीत, ज्यांत हिरा सोन्याच्या भावातही मोजला होता आणि हिऱ्याच्या भावातही. तेव्हापासून आमच्या बिलावर एकूण वजन, निव्वळ सोनं, हिऱ्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळ्या ओळींत असतं.

आणखी एक गैरसमज वारंवार भेटतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, लागतो. गिऱ्हाईक तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासतं आणि निश्चिंत होतं. पण हॉलमार्क साक्ष देतो ती सोन्याची. हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचा वेगळा कागद हवा. सुट्या मोठ्या खड्याचा कागद त्या एका खड्याचा असतो, आणि बऱ्याचदा तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला भिंगातून वाचता येतो. जडवलेल्या बारीक खड्यांच्या कागदावर बहुधा सरासरी दर्जा लिहिलेला असतो. हा फरक विकणाऱ्याने आपणहून सांगायला हवा.

२०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत ७.५ कॅरेटचा प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भेट दिला, आणि आमच्याकडेही त्याची चौकशी सुरू झाली. तोही कार्बनचाच, खराच हिरा. उष्णतेवर चालणारं साधं टेस्टर त्याला वेगळा काढू शकत नाही. आम्ही तो विकतो, पण वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून, आणि बिलावर तसं लिहून. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरलेत, हेही आधीच सांगतो.

एका आबांनी खाणीतला हिरा पाहून विचारलं, "भाऊ, हाऊ हिरा मोडमा कितला जाई?" मी सांगितलं, आबा, सोन्यासारखा नाही जायचा, घट येईल. त्यांनी लेकीसाठी सोन्याची पोतच घेतली. मला ते योग्य वाटलं. परतीची अट तेव्हापासून बिलावरच छापलेली असते.

दुकान नव्याने बांधलं तेव्हा उत्तरेला एक खिडकी ठेवून घेतली. तिथे थेट ऊन येत नाही, उजेड सारखा राहतो. सुरतेहून आणलेली ती पहिली पुडी अजून विकलेली नाही. गिऱ्हाईक आलं की खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर आधी तिच्यातला एक खडा ठेवतो, मग शेजारी जी रंगाचा.