उभ्याने पाणी

काल दुपारी ओट्यापाशी उभ्याउभ्याच तांब्या तोंडाला लावला आणि आजी आठवली. "बसून पी गं, गुडघे धरतील!" आणि तिच्यामागोमाग, का कोण जाणे, क्रिनित्सा.

दक्षिण पोलंडच्या डोंगरातलं हे औषधी झऱ्यांचं गाव. पोटाची, मूत्रपिंडाची दुखणी घेऊन माणसं तिथे येतात आणि पाणी पितात ते चक्क फिरत फिरत! हातात चोचीचा चिनी मातीचा कप. आमच्याकडे त्याला बोंडलं म्हणतात आणि ते दात येईपर्यंतच वापरतात. इथे सत्तरीचे आजोबा कोट-टोपी घालून बोंडलं चोखत येरझाऱ्या घालत होते.

मीही घेतलं एक. 'झुबेर' नावाचं पाणी, रुडॉल्फ झुबेर या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नावाचं. लिटरभर पाण्यात २० ग्रॅमहून जास्त क्षार! काळं मीठ घातलेला सोडा आठवडाभर उघडा राहिला तर जसा लागेल, तसं. आजी एरंडेल पाजताना नाक दाबायची. इथे ते काम आपलं आपणच करायचं.

हे पाणी मिळतं ते १९७१ सालच्या काच-काँक्रीटच्या भल्यामोठ्या पेटाऱ्यात. आत ताडामाडांची झाडं. जवळच १८८९ चं भारदस्त आरोग्यगृह, लग्नात रुसून बसलेल्या मामंजींसारखं. पलीकडे नक्षीदार लाकडी सज्ज्यांचे बंगले. वर यान किएपुरा या गायकाने १९३० च्या दशकात बांधलेलं गुळगुळीत 'पात्रिया' हॉटेल. एकाचं एकाशी जुळत नाही. आमच्या वाड्यालाही पुढे स्लॅब आणि मागे पत्रा होता, पण आम्ही तो बघायला कुणाला बोलावलं नव्हतं.

जुळतं ते फक्त निकिफोरच्या चित्रांत. इथल्या डोंगरात राहणाऱ्या लेम्को समाजातला हा गरीब चित्रकार. त्याचं बोलणं लोकांना धड कळायचं नाही. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून सिगारेटच्या पाकिटांवर, वापरलेल्या कागदांवर घरं, चर्च, स्टेशनं रंगवायचा आणि पाणी प्यायला आलेल्यांना विकायचा. १९४७ मध्ये सरकारने लेम्कोंना त्यांच्या डोंगरातून उचलून दूर पाठवलं, त्यात हाही गेला. आणि पायी परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला.

आजी असती तर म्हणाली असती, आधी बसवा त्याला, गूळपाणी द्या.