बटण सुटल्याची बातमी

आमच्याकडे एरवी इन्व्हर्टरची कार्डं, लिफ्टचे बोर्ड आणि कारखान्यांतले जळके ड्राइव्ह येतात. कीबोर्ड कोणी दुरुस्तीला आणत नाही, नवा घेणं स्वस्त पडतं. हा मात्र आयबीएमचा मॉडेल एफ होता, १२२ बटणांचा, पाठीवर १९८६ सालचं लेबल. मालक काका न्यू जर्सीत नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्यात परतलेले. तिकडच्या कंपनीने टर्मिनलं, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेले पडदे-कीबोर्ड, भंगारात काढली तेव्हा त्यांनी हा मागून घेतला होता. भारतात तो तेव्हा मिळाला नसता, आयबीएम १९७८ मध्येच इथून बाहेर पडली होती. त्यांना नव्या लॅपटॉपला हा जोडून मराठीत लिहायचं होतं. एकच अट, वायर कापायची नाही.

अट साधी वाटते. पण वायर न कापता प्लग बसवायला त्याच्या जोडीचं सॉकेट लागतं, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पाच पिनांचं गोल डिन सॉकेट मागितलं की मिडीचं, म्हणजे वाद्यांच्या जोडणीचं, हातात ठेवतात. त्यात पिना १८० अंशांत मांडलेल्या असतात, या कीबोर्डच्या प्लगमध्ये २४० अंशांत. ‘थोडं दाबा साहेब, बसेल’ हा सल्ला फुकट. बसत नाही. शेवटी बाहेरून मागवलं.

आत उघडल्यावर मात्र मी हरखलो. प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग. बटण दाबलं की ती एका बिंदूला अचानक वाकते, तिच्या तळाशी असलेला प्लॅस्टिकचा तुकडा डोलतो आणि खालच्या सर्किट बोर्डवरची कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. संपर्काला संपर्क कुठे टेकतच नाही, त्यामुळे घासायला आणि गंजायला काही नाही. दोन पत्र्यांमधल्या फोमचा तेवढा भुगा झाला होता, तो खरवडून नवा कापून घातला. हल्लीच्या वस्तू रोज उघडणाऱ्या माणसाला असं काही हाताळायला मिळालं की त्या दिवशी बाकीचे बोर्ड बघावेसे वाटत नाहीत.

जोडणी चार तारांची: पाच व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, डेटा. मधे प्रो मायक्रो, म्हणजे एटीमेगा ३२यू४ चिपचा बोटभर बोर्ड. कीबोर्ड आपल्या जुन्या भाषेत बिट पाठवतो, हा ते वाचून यूएसबी कीबोर्ड असल्याचं लॅपटॉपला भासवतो. क्लॉक आणि डेटा या दोन्ही तारांना वर ओढून धरणारा रेझिस्टर लागतो. चिपमधला असा रेझिस्टर, म्हणजे पुलअप, २० ते ५० किलोओहमचा, लांब जुन्या केबलला तो अपुरा पडू शकतो. मी बाहेरून ४.७ किलोओहमचे लावले. हे सांगून कुणी पैसे जास्त देत नाही.

आमचा सहकारी तोवर आयबीएमच्या एटी संगणकाच्या कीबोर्डसाठीची तयार हेक्स फाइल, म्हणजे चिपमधला प्रोग्राम (फर्मवेअर), भरून मोकळा झाला होता. त्याची सगळी कामं अशीच, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा चालतात. इथेही अक्षरं बरोबर उमटली. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत ‘के’चं बटण दाबलं की ‘क’ यायला हवा, तो आला. मग आणखी एक आला, आणि स्क्रीन ‘ककककक’ने भरत गेली. दुसरं बटण दाबेपर्यंत थांबेना. सहकाऱ्याचं निदान तयार: स्प्रिंग अडकलीय, पुन्हा खोला.

स्प्रिंगचा आवाज स्वच्छ होता. मी एचआयडी लिसन हा कन्व्हर्टरचे संदेश दाखवणारा प्रोग्राम चालू करून कीबोर्डकडून येणारे कच्चे कोड बघितले. ‘के’ दाबल्यावर ४२ आला. सोडल्यावर एफ० आणि पुन्हा ४२ यायला हवा होता, तिथे शांतता. शिफ्ट मात्र दाबल्याचीही बातमी देत होती आणि सोडल्याचीही. म्हणजे बिघाड नव्हताच. टर्मिनलचे कीबोर्ड तिसऱ्या स्कॅनकोड संचात, म्हणजे बटणांच्या कोडांच्या तिसऱ्या यादीत, बोलतात. त्यात अक्षरांची बटणं सुटल्याचं न सांगणं हीच मूळ रीत, कारण टर्मिनलला ते जाणून घेण्याची गरजच नव्हती. एटीच्या दुसऱ्या आणि या तिसऱ्या संचात अक्षरांचे कोड सारखेच असल्यामुळे चुकीची फाइलही बरोबर वाटत होती. कीबोर्डला एफ८ हा आदेश पाठवला की सगळी बटणं दोन्ही बातम्या देऊ लागतात. पाठवला, उत्तरादाखल एफए आलं, आणि ‘क’ एकटा उभा राहिला.

काका घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: ‘अहो, पुन्हा कककक. वायर काढून लावली की बरा होतो, पण नेहमी नाही.’ आमच्या टेबलावर काही केल्या बिघडेना. टेबलावर आपण फर्मवेअर भरतो तेव्हा फक्त चिप नव्याने सुरू होते, कीबोर्डला वीज आधीपासून मिळतच असते. घरी दोघांना वीज एकदम मिळते. कीबोर्ड आपली तपासणी करत असतो, एवढ्यात चिपचा एफ८ येऊन वाया जातो. तपासणी संपली की कीबोर्ड एए पाठवतो. तो येईपर्यंत गप्प बसायचं आणि मग आदेश द्यायचा, एवढा बदल केला. तेव्हापासून त्याची तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आली, आणि ती अजून माझ्या डोक्यात आहे. डावीकडची दहा बटणं रिकामी होती. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना शिफ्टसह ‘जे’ आणि मग ‘डी’ दाबावं लागतं, ते एका बटणावर हवं म्हणाले. मॅक्रो, म्हणजे एका बटणावर अनेक बटणांचा क्रम, लिहून दिला. पण कन्व्हर्टर, म्हणजे मधला बोर्ड, ‘क’ किंवा ‘ऱ्’ पाठवतच नाही. तो फक्त कोणत्या जागेचं बटण दाबलं ते सांगतो, अक्षर लॅपटॉप ठरवतो. त्यामुळे इंग्रजी पत्र लिहिताना बोट चुकून तिकडे गेलं की ‘जे’ आणि ‘डी’ ही रोमन अक्षरं उमटतात. ‘आत्ता कोणती भाषा चालू आहे ते याला कळत नाही का?’ काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप कीबोर्डला कॅप्स लॉक, नम लॉक, स्क्रोल लॉक असल्या दिव्यांची स्थिती कळवतो, भाषेबद्दल अवाक्षर नाही.

स्क्रोल लॉक कुणी वापरत नाही. मराठी चालू झाली की तो दिवा लावणारा छोटा प्रोग्राम लॅपटॉपवर ठेवला, तर चिपला दिव्यावरून भाषा ओळखता येईल. काकांनी ऐकून घेतलं आणि लॅपटॉपवर काहीही टाकायचं नाही म्हणून साफ नकार दिला. मला ते पटलंही. चिपकडून, निव्वळ टाइप झालेल्या बटणांच्या क्रमावरून भाषेचा अंदाज बांधता येईल का, ते एका रविवारी बघणार आहे. इंग्रजीत स्पेस आणि ‘ई’ची बटणं वारंवार येतात, इनस्क्रिप्टमध्ये ‘ई’च्या जागी ‘आ’ची मात्रा असते आणि तीही वारंवार येते, म्हणून तेवढ्यावर जमणार नाही. ‘डी’वर हलंत, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, आहे. बहुधा तिथून सुरुवात करावी लागेल.