डायरीचं पान

शिरोलीतल्या सहा लहान फाउंड्र्यांची, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यांची, शिकाऊ पोरं माझ्याकडे आहेत. एकाच ठिकाणी वर्ष काढलं तर पोरगं एकतर मोल्डच (वाळूचे साचे) भरत बसतं नाहीतर फेटलिंगला, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायला, ग्राइंडर धरत बसतं. म्हणून मालकांनी मिळून ठरवलं, पोरं फिरवायची. एकाकडे सँड (साच्याची वाळू), दुसऱ्याकडे कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा), तिसऱ्याकडे भट्टी. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात याची सोय पहिल्यापासून आहे, पण ती कुणी वाचलेली नसते. मालकांना कायद्यातली फक्त सक्तीची बाजू पाठ असते.

परवा एक पोरगा भट्टीच्या पाळीसाठी दुसऱ्या फाउंड्रीत गेला. तिथं महिनाभर एकच रडगाणं चालू होतं: कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पातळ कडा कडक येतायत, मशीनशॉपमध्ये टूल तुटतायत. सुपरवायझरचं मत, वितळवायचं भंगार खराब. (आमच्याकडे सगळ्याला भंगारच जबाबदार असतं.) पोरानं वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा चाचणीचा तुकडा, ओतून घेतला, गार केला, हातोड्यानं मोडला. टोकाशी पांढरा भाग चांगलाच रुंद. म्हणजे चिल, लवकर गार होऊन कडक झालेलं लोखंड. मग तो लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं, बघत उभा राहिला. इनॉक्युलंट (चिल कमी करायला लोखंडात घालायचे दाणे) मेटल घ्यायच्या आधीच तळाशी टाकून ठेवत होते. ते तळाला चिकटून बसायचं, निम्मं विरघळायचंच नाही. वर एकच लेडल मोल्डच्या सगळ्या रांगेवर फिरवायचे. शेवटच्या मोल्डपर्यंत पंधरा मिनिटं जायची, तोवर त्याचा असर उतरलेला.

पोरगा म्हणाला, "मागच्या ठिकाणी दाणं चाळून, कोरडं करून, लेडल भरताना धारेत सोडत्यात. अन् लेडल बारकं."

करून बघितलं. पांढरा भाग आक्रसला. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. वेज नीट वाचणारे सुपरवायझर मी मोजकेच पाहिलेत.

मालक खूश. "बाळा, डायरी दाखव बघू," म्हणाले. आणि तिथं घोळ झाला. डायरी मीच लिहायला लावतो, रोज, बारीकसारीक. त्यात धारेत सोडायचं प्रमाण होतं, ते ठीक, ०.२ ते ०.३ टक्के हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण त्याच पानावर दाणे कुणाकडून येतात, काय दरानं, आणि तो पार्ट कुठल्या गिऱ्हाइकाचा, हेही पोरानं टिपलेलं.

संध्याकाळी पहिल्या मालकांचा फोन. बातमी कशी पोचली देव जाणे, एमआयडीसीत चहाची टपरी सगळ्यांची एकच. "सर, मी पोरगं शिकवायला पाठवलं, का माझा धंदा पोचवायला? पुढच्या वर्षी मला धरू नका."

सहातला एक गेला तर फेरीच मोडते. सँडची लॅब त्यांच्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी पोराला बोलावलं आणि ते पान फाडून घेतलं. फक्त दर आणि गिऱ्हाइकाच्या ओळी खोडल्या असत्या तरी चाललं असतं. पण मी अख्खं पान फाडलं, वेजच्या चित्रासकट. चित्र सुरेख काढलं होतं, पांढरा भाग पट्टीनं मोजून मिलिमीटर लिहिलेले.

पोरगा काही बोलला नाही. जाताना दारातून वळून म्हणाला, "सर, परीक्षेत हे विचारलं तर लिहायचं न्हवं?"

"लिही की," म्हटलं.

पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.