हो, दीड हजार घेते आणि विरोधही करते

"रेशन खाता, लाडक्या बहिणीचे दीड हजार घेता, मग फुकटच्या योजनांविरुद्ध का बोलता?" भावकीतल्या लग्नात, मतं मागायला आलेल्या पोरांकडून, सगळीकडे हेच ऐकते. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

घेते. लपवत नाही. माणशी 5 किलो धान्य 2023 पासून फुकट आहे. त्याआधी गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो होता. तेवढे मोजून देताना दुकानदाराशी मापावरून भांडता यायचं.

2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा गल्लीतल्या बायकांचे फॉर्म मीच भरून दिले. हक्काचं आहे, घ्या, म्हणायचे. तेव्हाच्या त्या मला आज विचारावंसं वाटतं, कुणाकडून कसला हक्क घेतलास ग?

मी घरी विड्या वळते. त्या दिवाळीच्या तोंडावर शेठच्या ब्रँचवर, विड्या जमा करतात तिथं, द्यायला गेले. विड्या तपासणाऱ्या चेकरनं मूठभर विड्या छाट, म्हणजे बाद, म्हणून बाजूला टाकल्या. पानंच फाटकी दिली होती. मी म्हटलं, पान तुमचं खराब आणि छाट आमच्या माथी? मजुरीचंही काढलं. हजार विड्या वळायला दिवस जातो, मान धरते, आणि किमान वेतन कागदावरच. त्यानं वहीतून मान वर केली नाही. "बँकेत येतंय की आता. अजून किती पाहिजे?" मागे बायका उभ्या होत्या, एरवी छाटीवरून ब्रँच डोक्यावर घेणाऱ्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. दोन महिन्यांचे 3000 नुकतेच जमा झाले होते. शेठनं द्यायचं ते सरकारनं दिलं, आणि शेठ सुटला.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरांचं काय, म्हणाल. 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार विडी कामगारांना घरं मिळाली, त्यातही सरकारचा पैसा होताच. पण त्यासाठी सोलापुरात लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, बायकांनी आपला वाटा भरला. त्या घराबद्दल मला कुणी ऐकवू शकत नाही.

खोटं कशाला बोलू, जळफळाटही आहे. सरकारी पगार घेणाऱ्या बायकांनीही हे पैसे उचलल्याचं 2025 मध्ये उघड झालं, आणि केवायसीसाठी धावपळ आमची.

किमान वेतन हातात द्या आणि दीड हजार बंद करा, मी आज सही करते. शेजारीण करणार नाही. तिला नवरा नाही, विड्या वळायला डोळे राहिले नाहीत, औषधं त्यातूनच येतात. तिला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.