पीआरपीचं इंजेक्शन फसतं कुठे?

पायावरची मधुमेही जखम चार आठवडे नीट ड्रेसिंग करूनही निम्मीसुद्धा भरली नाही, की कुणीतरी पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, सुचवतंच. रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स दाट करून जखमेच्या कडेला टोचायच्या, त्यांतले ग्रोथ फॅक्टर्स, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं, पुढचं काम करतात. कल्पना चांगली आहे. फसते ती बरेचदा सुई लागायच्या आधी, रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणाऱ्या सेंट्रीफ्यूजमध्ये.

‘१५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), दहा मिनिटं’ एवढंच कागदावर लिहिलेलं असतं. नुसत्या या आकड्याला काही अर्थ नाही. रोटरची, म्हणजे ट्यूब धरून फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर १५०० आरपीएमला सुमारे २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट) इतका जोर मिळतो, आणि तेवढाच हवा; १६ असेल तर ४००. एवढ्या जोरात बऱ्याच प्लेटलेट्सही लाल पेशींबरोबर तळाला जाऊ शकतात आणि वर उरतो दिसायला झकास पण विरळ प्लाझ्मा. मोठ्या रोटरला २५० जीसाठी ११८० आरपीएमच्या आसपास पुरे. झाकण उघडून पट्टीने त्रिज्या मोजायला दोन मिनिटं लागतात, तरी कुणी मोजत नाही.

रक्त २० मिली, २१ गेजच्या सुईने, एका दमात. बारीक सुईने ओढत बसलं की प्लेटलेट्स वाटेतच चिकटतात. ट्यूब निळ्या टोपणाची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची. जांभळी नको, तिच्यातल्या ईडीटीए या रसायनाने प्लेटलेट्स फुगतात. ट्यूब झटकायची नाही, सावकाश चार-पाच वेळा उलटसुलट करायची.

पहिल्या फेरीनंतर पिवळा थर आणि मधली पांढुरकी रेघ रिकाम्या ट्यूबमध्ये घ्यायची. दुसरी फेरी ७०० जीला, दहा मिनिटं. वरचा दोन-तृतीयांश प्लाझ्मा टाकायचा, तळाचा गोळा उरलेल्यात हलकेच मिसळायचा. हाती येतं जेमतेम तीन मिली. त्यातला थेंब प्लेटलेट काउंटला पाठवा. मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास हवा. पांढरे धागे दिसले तर ते गोठायला लागलंय, टोचू नका.

मेलेली कातडी आणि कडेचा घट्टा खरवडून जखम रक्ताळल्यावरच सुई लावायची. २६ गेज, कडेच्या दर सेंटिमीटरला ०.१ ते ०.२ मिली, कडेच्या आत.

वरून जेल लावून का भागत नाही? जुनाट जखमेच्या स्रावात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात, वरून लावलेले ग्रोथ फॅक्टर्स ती फस्त करतात. क्युबात २००६मध्ये मंजूर झालेलं हेबरप्रोट-पी हे ईजीएफ (त्वचेच्या पेशी वाढवणारा ग्रोथ फॅक्टर) असलेलं औषध याच कारणाने टोचतात: ७५ मायक्रोग्रॅम, आठवड्यातून तीनदा, फार तर आठ आठवडे.

पीआरपी आठवड्यातून एकदा, चार ते सहा वेळा. मात्र त्याआधी तीन गोष्टी बघायच्याच. पायाला रक्त पोचतंय का? मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतात, त्यामुळे घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं येतं, पायाच्या अंगठ्याचं घ्या. निर्जंतुक सळई घातल्यावर खाली कडक लागलं तर हाडात जंतुसंसर्ग असू शकतो, आधी एक्स-रे. तिसरं म्हणजे जखमेवर पडणारा भार. तळव्याच्या जखमेला तो कमी करणारा कास्ट (प्लास्टर) हवाच, आणि रात्री बाथरूमपर्यंतची अनवाणी चार पावलंही भारातच धरायची.

दर वेळी लांबी-रुंदी लिहून ठेवा. चार इंजेक्शनांनंतरही आकडा हलला नाही, किंवा कडा उंच आणि कडक होत चालल्या, तर पाचवं देऊ नका. कडेचा तुकडा बायॉप्सीला पाठवा; वर्षानुवर्षांच्या जखमेत कॅन्सर निघतो, आणि तिथे ग्रोथ फॅक्टर टोचायचे नसतात.