आमची वाटचाल : मशीन कुणाचंही, फाइल एकच

रबाळे एमआयडीसीतला आमचा गाळा सुरुवातीला केबलवाल्यांचा गाळा म्हणूनच ओळखला जायचा. लॅबमधला बॅलन्स (वजनकाटा), पीएच मीटर, यूव्ही (अतिनील प्रकाशानं सॅम्पल मोजणारं मशीन), ज्याला आरएस-२३२ चं, म्हणजे जुन्या धाटणीच्या डेटा केबलचं पोर्ट आहे ते आम्ही कॉम्प्युटरला जोडून द्यायचो. तेव्हाचा ब्रेकआउट बॉक्स (केबलच्या तारा तपासायची डबी) आजही माझ्या टेबलावर आहे. पंचवीस पिनांचा, प्रत्येक लाइनला छोटा दिवा. दोन आणि तीन नंबरच्या तारा उलट्या लागल्या असतील तर दिव्यांवरूनच कळतं. आमची नवी मुलं लॅपटॉपवर बॉड रेट (डेटाचा वेग) बदलून बघत बसतात. मी त्यांना सांगतो, आधी दिवे बघा.

सगळ्या मशीनच्या डेटासाठी एकच फाइल फॉरमॅट बनवायच्या कामात आम्हाला ओढलं ते पावण्यातल्या एका टेस्टिंग लॅबच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) हेड मॅडमनी. त्यांच्याकडे तीन कंपन्यांच्या एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारी मशीन) होत्या, आणि एकीची फाइल दुसरीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची नाही. भंगारात गेलेल्या मशीनचा पीसीसुद्धा केवळ जुने क्रोमॅटोग्राम (त्या मशीननं काढलेले आलेख) बघायला जपून ठेवावा लागे. मॅडम म्हणाल्या, "अहो, मशीनमध्ये सॅम्पलचं इंजेक्शन माझ्या केमिस्टनं मारलं, डेटा माझा, आणि बघायला परवानगी मशीनवाल्याची? करा काहीतरी." कामाचा कागद तयार होण्याआधी ॲडव्हान्सचा चेक त्यांनी दिला.

या धंद्यातल्यांना सांगायला नको, आकडे बाहेर काढणं सोपं असतं. स्पेक्ट्रमसाठी १९८८ चं जेकॅम्प-डीएक्स हे फॉरमॅट अजून चालतं, साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये वाचा. क्रोमॅटोग्राफीसाठी नेटसीडीएफ या फाइल प्रकारावरचं अँडी हे फॉरमॅट आहे. पण एक सॉफ्टवेअर पीक एरिया (आलेखातल्या शिखराखालचं क्षेत्रफळ) सेकंदांवर मोजतं, दुसरं मिनिटांवर. एकच पीक, उत्तरात साठपटीचा फरक. बेसलाइन (शिखराखालची पायारेषा) कुठून कुठे ओढली, मॅन्युअल इंटिग्रेशन (क्षेत्रफळाच्या हद्दी हातानं ठरवणं) कुणी केलं, का केलं, हे सोबत नसेल तर नुसत्या आकड्यांची फाइल लॅब तपासायला आलेल्या ऑडिटरसमोर कशी ठेवणार?

म्हणून आम्ही सगळ्या तंत्रांना लागणारा गाभा एक ठेवला आणि एचपीएलसी, जीसी (वायूवर चालणारी क्रोमॅटोग्राफी), यूव्ही यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या. ही विभागणी ॲनिमल या एक्सएमएल स्टँडर्डची, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ई१३.१५ उपसमितीच्या कामातून आलेली. आमच्या मसुद्याच्या पहिल्याच पानावर आम्ही तसं लिहिलं होतं. शब्दकोश, म्हणजे कुठल्या रकान्यात नेमकं काय लिहायचं याची यादी, मात्र आमचा. तुर्भे, महापे, तळोज्याचे केमिस्ट शनिवारी पोटमाळ्यावर जमायचे. 'सॅम्पल वेट' या एका रकान्यावर अख्खी दुपार गेली. वजन जसंच्या तसं की ड्राइड बेसिसवर (ओलावा वजा करून)? कुठल्या बॅलन्सवर? टेअर (भांड्याचं वजन) धरून? शेवटी वजन, एकक, बॅलन्सचा आयडी आणि आधार, असे चार रकाने झाले.

त्या बैठकांना एका मोठ्या डीलरची माणसंही यायची, चहा प्यायची, टिपणं घ्यायची. पुढे ठाण्यात त्यांनी सेमिनार घेतला आणि आमचा शब्दकोश रकान्यांची नावं बदलून स्वतःचा म्हणून मांडला. डेमो फाइलमध्ये आमच्या गाळ्याचा नंबर घातलेला नमुना सॅम्पल आयडी तसाच होता! मी उभा राहून विचारलं, तर प्रश्नोत्तरं जेवणानंतर, म्हणाले. जेवणानंतर ती झालीच नाहीत.

एवढ्यावर थांबले नाहीत. आमचा कन्व्हर्टर पीसीवर टाकलात तर व्हॅलिडेशन (मशीन बरोबर चालतं याची कागदोपत्री खात्री) जाईल, एएमसी (वार्षिक देखभाल करार) बंद होईल, असं त्यांनी आमच्या ग्राहकांना सांगितलं. आमचा प्रोग्राम एक्सपोर्टच्या फोल्डरमधली प्रत फक्त वाचतो, मूळ फाइलला हातही लावत नाही. पण घाबरलेल्या माणसाला हे कोण समजावणार? ऑर्डरी थांबल्या, ओव्हरड्राफ्ट संपला, पगार उसनवारीवर निघाले. त्या काळात मॅडमनी आमची वर्षाची एएमसी आगाऊ भरली. मग त्यांच्याकडे इन्स्पेक्शन झालं. बंद पडलेल्या मशीनवरचं एक जुनं इंजेक्शन मागितलं गेलं. त्यांनी आमच्या फाइलमधून बेसलाइन, इंटिग्रेशन आणि ऑडिट ट्रेलसकट (कुणी केव्हा काय बदललं याच्या नोंदीसकट) ते समोर उघडून दाखवलं. ही बातमी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात फिरली आणि गेलेले ग्राहक परत आले. पुढची वर्षं बरी गेली. त्या डीलरनं मात्र आजवर आमचं नाव घेतलेलं नाही, आणि मी ते विसरलेलो नाही.

नवीन मशीन घेणाऱ्यांनी एवढं कराच. रॉ डेटा, इंटिग्रेशन इव्हेंट्स आणि ऑडिट ट्रेल खुल्या फॉरमॅटमध्ये मिळेल, हे पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी सर्व्हिस इंजिनिअरसमोर एक क्रोमॅटोग्राम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एरिया जुळवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच ठेवा, वेळेपुढे +०५:३० (भारतीय वेळेची खूण) लावा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा वाद मी भर ऑडिटमध्ये झालेला पाहिलाय.

२०१२ साली औषध कंपन्यांनी मिळून उभ्या केलेल्या ॲलोट्रोप या संस्थेच्या जेसॉन (एक प्रकारची टेक्स्ट फाइल) मॉडेलशी सध्या आम्ही आमचे रकाने जुळवतो आहोत. सोबत कार्ल फिशर या सॅम्पलमधलं पाणी मोजायच्या पद्धतीचा शब्दकोश चालू आहे. मॅडम आता निवृत्त आहेत, तरी शनिवारी लाल पेन घेऊन येतात. ड्रिफ्टचा (सॅम्पल नसतानाही मशीन मोजत राहतं त्या पाण्याचा) रकाना ऐच्छिक ठेवावा, असं आमच्या मुलांचं म्हणणं होतं. मॅडमनी तो सक्तीचा करायला लावला.