आमची वाटचाल : वरच्या सहा इंचांखालचं रान

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकाच सकाळी साडेपाच सामूची (pH; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) माती येते आणि नऊ सामूचीही. दोन्ही पिशव्या कोल्हापूर जिल्ह्यातल्याच. राधानगरी, शाहूवाडीकडची तांबडी माती पावसानं धुऊन आम्लधर्मी झालेली असते. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळ तालुक्यात पोचेपर्यंत तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर येतो, आणि तरी महापूर शिरोळलाच येतो. पाऊस डोंगराचा, पाणी खालच्यांचं. वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला. या नद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळावर आमचं घर चालतं.

सुरुवात मार्केट यार्डाजवळच्या दोन खोल्यांतून झाली. मी राहुरीहून मृदाशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली, यजमान सिव्हिलचे डिप्लोमाधारक, एका ठेकेदाराकडे लेव्हल मारायच्या कामावर. पहिली काही वर्षं आम्ही सगळे करतात तेच केलं. सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश. शेतकरी खुरप्यानं वरची माती पिशवीत भरून आणायचा, आम्ही कागद द्यायचो, तो कागद खतांच्या दुकानात जायचा. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली आणि तेच काम फुकट व्हायला लागलं. फुकटाशी भाव कसा लावणार? गिऱ्हाईक निम्म्याच्या खाली आलं. आता इथं कीटकनाशकांची एजन्सी घ्या, असं सांगणारेही भेटले.

पण त्या पत्रिकेवरची यादी बघितली तर त्यात बारा गोष्टी आहेत : सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब, तीन मुख्य अन्नद्रव्यं, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. सोडियम त्यात नाही. देशभरासाठी केलेल्या यादीत तो नसला तर समजू शकतं. शिरोळच्या काठाला मात्र सगळा खेळच सोडियमचा आहे. आम्ही ठरवलं, पत्रिका जिथं थांबते तिथून आपण सुरू करायचं.

त्यासाठी आधी खाली जावं लागलं. तीन फुटांपर्यंत गिरमिट घालून फूट-फूट थराचा वेगळा नमुना घ्यायचा, आणि शक्य असेल तिथं खड्डाच खणायचा. हे काम उन्हाळ्यात जिवावर येतं, कारण ही माती वाळली की दगड होते आणि भिजली की गिरमिटाला चिकटून बसते. पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) चाळीस टक्क्यांच्या वर, चिकणमातीही चाळीसच्या वर, वाळू नावाला. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक. त्यातही आपल्या काळ्या दगडापासून झालेली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. खड्ड्याच्या भिंतीत दोन फुटांखाली ढेकळांचे तिरके, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात. माती फुगताना एकमेकांवर घासून ते तयार होतात. त्याच्याही खाली चुनखडीचे पांढरे खडे. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतात.

नदीकाठची ती भारी जमीन आणि आतली ती हलकी, असा सर्वसाधारण समज असतो. पूरमैदानात तसं नसतं. पुराच्या पाण्यानं काठ ओलांडला की त्याचा वेग मोडतो आणि जाडसर कण तिथंच बसतात. म्हणून अगदी नदीलगतची मळी थोडी उंच, भुसभुशीत, निचऱ्याची. बारीक कण मात्र पाण्याबरोबर आत जातात आणि सखल जागी, पाणी तुंबेल तिथं, सावकाश बसतात. नदीपासून किलोमीटरभर आतलं रान काठच्या रानापेक्षा जास्त चिकण आणि जास्त चोपण (सोडियमनं घट्ट झालेलं, पाणी न मुरणारं) निघतं ते यामुळं. एकाच गटाचे दोन टोकांचे नमुने इतके वेगळे येतात, की भावाभावांत वाटणी झालेली असेल तर आमचा रिपोर्ट नाजूक कागद होतो. त्या भानगडीत आम्ही पडत नाही.

सोडियम येतो कुठून? काळ्या दगडातल्या खनिजांची झीज होताना कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही सुटतात. पाऊस भरपूर असता तर दोन्ही वाहून गेले असते. इथं पडतं त्यापेक्षा उडून जाणारं पाणी कितीतरी जास्त, त्यामुळं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतो आणि द्रावणात सोडियमचं वजन वाढत जातं. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात तर कालवा नसतानाही जमिनी अशाच चोपण झाल्या आहेत, म्हणजे सगळा दोष पाणीपुरवठा संस्थांवर ढकलता येत नाही. पण ऊस, बारमाही उपसा आणि पाटपाणी आल्यावर भूजल वर आलं आणि निसर्ग सावकाश करत होता ते एका पिढीत झालं, हेही खरं. मार्च-एप्रिलमध्ये सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुटतं ते खालून चढलेल्या पाण्याचं.

सामू वाचायलाही आम्ही शेतकऱ्यांना शिकवतो. नुसती चुनखडी असेल तर सामू साधारण ८.२ ते ८.४ वर अडकतो. ८.५ च्या पुढं गेला की सोडियमचा संशय घ्यायचा. चुनखडीनं उसाला केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, कारण लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. त्यावर फेरस सल्फेट फवारून काम भागतं. सोडियमनं होणारं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. तो चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून फोडतो. सुटे झालेले कण पाण्याबरोबर खाली सरकून मातीतल्या फटी बुजवतात, आणि मग ना पाणी मुरतं ना हवा खेळते.

पुस्तकी हिशेबानं संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून ओढलेल्या पाण्याची) ईसी ४ डेसिसायमनच्या वर गेली तर जमीन क्षारयुक्त, विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला तर चोपण. हे आकडे अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये पक्के केले. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत सोडियम ५-६ टक्क्यांवरच त्रास द्यायला लागतो, आणि उसाची वाढ १.७ ईसीपासूनच मार खाते. त्यामुळं आमच्या कागदावर १५ ची रेघ नाही.

हे मोजणं मात्र दमवणारं आहे. चोपण मातीचा अर्क साध्या गाळणीतून रात्रभरात चमचाभरही पडत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप घ्यावा लागला. पडतो तो कोऱ्या चहाच्या रंगाचा, कारण इतक्या सामूला मातीतला सेंद्रिय भाग विरघळून बाहेर येतो. सोडियम मोजायला फ्लेम फोटोमीटर कर्जावर घेतला. चुनखडी असलेल्या मातीत अमोनियम ॲसिटेटनं काढलेला कॅल्शियम फुगवून येतो, त्यामुळं धारणक्षमता (मातीचे कण कॅल्शियम, सोडियमसारखी द्रव्यं एकूण किती धरून ठेवू शकतात ती) सोडियम ॲसिटेटनं वेगळी काढतो. एका नमुन्याला तीन दिवस. जे शेतकरी ‘संध्याकाळी मिळंल का?’ विचारतात त्यांना आम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता देतो.

आमचं नाव झालं ते अर्जुनवाडकडच्या एका गटामुळं. तिथल्या एका शेतकऱ्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले होते, नदीचं गोडं पाणी भरपूर सोडून मीठ धुऊन काढलं होतं. ईसी खाली आली. कुणीतरी कागदावर ‘जमीन सुधारली’ असं लिहूनही दिलं. पुढच्या पावसाळ्यात रानात पाणी तसंच उभं. पिशवी टेबलावर ठेवत ते अण्णा म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट झ्याक हाय म्हणत्यात, मग पाणी का मुरंना झालंय?”

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आमचा सगळा धंदा. पाण्यात मीठ जास्त असतं तोवर चिकणमातीचे कण सोडियम असूनही एकत्र राहतात. मीठ धुतलं आणि कणांना चिकटलेला सोडियम तसाच ठेवला, की तेच कण सुटतात. सामू वर जातो, जमीन घट्ट होते. क्षारयुक्त-चोपण जमीन नुसत्या पाण्यानं धुतली तर ती निव्वळ चोपण होते. अण्णांना पटावं म्हणून त्यांच्या रानातलं वाळलेलं ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात ठेवलं आणि दुसरं त्यांच्याच विहिरीच्या मचूळ पाण्यात. पहिल्या ग्लासात थोड्या वेळात ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला. दुसऱ्यात पाणी नितळ राहिलं. पावसाचं पाणी म्हणजे पहिला ग्लास. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो, त्याला आमची फी लागत नाही.

म्हणून आधी निचरा, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), मग धुणं. जिप्समचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाईपवाटे बाहेर जातो. हिशेब असा : शंभर ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट (रसायनशास्त्रातलं मोजमापाचं एकक) सोडियम हटवायला सहा इंच थराला एकरी पाऊण टनाच्या आसपास शुद्ध जिप्सम लागतं. धारणक्षमता ५० आणि सोडियम २० टक्के असेल, तो ५ वर आणायचा, तर साडेसात मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे साडेपाच टनांच्या घरात. शेतकरी दोन पोती टाकून ‘जिप्सम केलं’ म्हणतो तेव्हा आम्ही हा हिशेब कागदावर मांडतो. शिवाय जिप्सम साध्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमच विरघळतं, म्हणजे साडेपाच टन विरघळायला रानावर अर्धा मीटरहून जास्त पाणी हवं. एका हंगामात सगळं ओतण्यात अर्थ नाही. हप्त्यानं टाकायचं, मधे धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडायचा. चुनखडी भरपूर असेल तिथं गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि तेच आम्ल रानातल्या चुनखडीचं जिप्सम करतं. एक किलो गंधक साधारण साडेपाच किलो जिप्समचं काम करतं, फक्त वेळ लागतो.

याच कामातून एक जोडधंदा निघाला, जिप्समची तपासणी. ‘भू-सुधारक’ म्हणून विकली जाणारी काही पोती ॲसिड टाकलं की फसफसतात, म्हणजे आत चुना आहे. ज्या रानात आधीच चुनखडी आहे तिथं आणखी चुना विकत घेऊन टाकायचा! विक्रेत्यांचे फोन आले, काही चढ्या आवाजात. आम्ही कंपनीचं नाव घेत नाही, पोत्यातला आकडा देतो.

२०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्यानंतर २०२१. पूर ओसरला की लोक नवा गाळ घेऊन येतात, ‘सोनं आलंय का बघा’ म्हणून. गाळ ताजा असतो, मीठही कमी असतं, पण इतका बारीक की वाळल्यावर पापडी धरतो आणि उगवण अडवतो. खालच्या थरात मिसळल्याशिवाय उपयोग नाही. पुरानंतर लगेच घेतलेल्या नमुन्याची ईसी फसवी असते, कारण मीठ तात्पुरतं खाली ढकललेलं असतं. चोपणाच्या तपासणीसाठी आम्ही पूर ओसरल्या-ओसरल्या नमुने घेतच नाही. ते एप्रिल-मेमध्ये, मीठ वर असताना घ्यायचे. त्या दिवसांत यजमान आणि दोन पोरं गिरमिट घेऊन पहाटेच निघतात.

पाईप निचऱ्याचे सर्व्हे आता यजमानांकडेच असतात. पाईप साडेतीन-चार फुटांवर, फिल्टर गुंडाळलेले, भारी मातीत वीस ते तीस मीटर अंतरानं. अडचण पाईपची नसते, पाणी सोडायचं कुठं ही असते. नदीकाठची सखल जमीन नाल्याच्याच पातळीला, आणि पुरात तर तोंड बंद केलं नाही तर नदीच पाईपात शिरते. सगळ्या गटानं मिळून मुख्य नळी काढली तरच काम होतं, एकट्यादुकट्याचं होत नाही. या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका अशा गटाचं काम हातात आहे. नमुने झालेत, सोडियमचे नकाशे झालेत, जिप्समचा हिशेब झालाय. नाल्याच्या कडेच्या दोन शेतकऱ्यांची सही बाकी आहे, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.